घड्याळाने विचारलेली जन्मतारीख

मेहरूण तलावाच्या काठी सकाळी वीस-पंचवीस माणसं डावा हात आभाळाकडे करून उभी असतात. प्रार्थना नव्हे. घड्याळाला उपग्रह सापडल्याशिवाय पळायचं नाही, असा त्यांचा नेम आहे. जे मोजलं गेलं नाही ते पळणंच नाही. आमच्या गटाचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. घड्याळ चार्जिंगला लावायचं राहिलं म्हणून ते एकदा आल्या पावली घरी गेले. या मंडळींत मी, निवृत्त मास्तर, मोकळ्या मनगटानं पळत होतो आणि त्यांना मनात हसत होतो.

शेवटी मीही गेलो घड्याळाच्या दुकानात. एका घड्याळाला स्वतःचं जीपीएस नव्हतं, खिशात फोन घेऊन पळावं लागणार होतं. ते बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर फोनवर बोलता येत होतं. पळताना मला कोणाशी बोलायचं नसतं.

दुकानदार म्हणाला, "नाना, हे घ्या. हे झोपपण मोजते."

"झोप लागली की नाही ते मला सकाळी कळतं."

"कळतं, पण टक्के कुठे कळतात?"

मोठ्या आकड्यांचं, अंतर आणि हृदयाचे ठोके दाखवणारं एक घेतलं. झोपेचे टक्के त्यात आलेच.

घरी सूनबाईनं ते लावून दिलं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट. सैल राहिला तर ठोके चुकतात. उंची टाकली, वजन टाकलं. मग ती थांबली.

"नाना, जन्मतारीख कागदावरची टाकू की खरी?"

आमच्या पिढीतली निम्मी माणसं कागदावर एक जूनला जन्मलेली आहेत. डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, असं हेडमास्तर ठरवत. माझे हात लांब. दोंडाईच्याची माझी थोरली बहीण अजून सांगते, "तू आखाजीना दुसरा दिन जनमना. शाळामा गया तवय चारच वरीसना व्हता. बठ्ठा गावले माहीत शे." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक. म्हणजे कागद माझ्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा. त्यामुळे दोन वर्षं आधी निवृत्त झालो आणि त्या हेडमास्तरला जन्मभर शिव्या दिल्या.

"काय फरक पडतो?" मी विचारलं.

"दोनशेवीसमधून वय वजा करून हे ठोक्यांची कमाल धरतं. दोन ठोक्यांचा फरक."

"खरी टाक."

घड्याळानं ती मुकाट घेतली. यंत्राला खरं सांगायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. माणसांना मात्र सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी जळगावच्या शर्यतीत मी सत्तरीपुढच्या गटात पहिला आलो. तेव्हा मी अडुसष्टचा होतो. ज्या कागदाला शिव्या देत आलो त्याचीच झेरॉक्स फॉर्मला जोडली. नजरचूक नव्हती ती. साठीपुढच्या गटात आपला निभाव लागणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसरा आला तो धुळ्याचा निवृत्त बस मेकॅनिक, खरोखर बहात्तरचा. पंधरा-वीस पावलं मागे होता. मी कप घेताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली होती.

सूनबाई उठून गेल्यावर मी त्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी कप पिशवीत घालून धुळ्याला गेलो. तो ओट्यावर बसला होता, पोट सुटलेलं.

"पळणं?" तो म्हणाला. "त्या दिवशीच सोडलं, भाऊ. बरोबरीचा माणूस पुढे निघून जातो म्हटल्यावर आपलं संपलं. पोरगापण म्हणाला, आता बस करा."

मी सगळं सांगितलं. त्यानं बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे चार वर्षांनी लहान माणसानं मला पंधरा पावलांनी हरवलं."

"हो."

"आणि मी वर्षभर इथे बसलो." पिशवीकडे त्यानं पाहिलंही नाही. "कप घरी न्या. शर्यतवाल्यांना लिहून द्या. पहिला कोण, ते त्यांच्या यादीत येऊ द्या."

शर्यत आमच्याच तलावावरच्या गटानं भरवलेली, म्हणून जळगावला येऊन मी डॉक्टरांना लेखी दिलं. त्यांनी ते घड्याळाकडे बघत वाचलं.

"नाना, कशाला उकरता? कागदावर तुम्ही सत्तरचेच होता ना? आम्ही कागदच बघतो. यादी बदलली तर उद्या दहा जण येतील."

सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी माणसं ही. दोन वर्षं त्यांना मोजता येईनात. त्यांना मी हसलो असतो, पण त्यांनी बघितलेला तो कागद माझाच होता.

यादी बदललेली नाही. म्हणून इथे लिहितो: सत्तरीपुढच्या गटात त्या दिवशी धुळ्याचा मेकॅनिक पहिला आला. मी त्या गटात नव्हतोच.