किमचीचं माहेर

लग्नाच्या बोलणीत मुलाची चौकशी सोडून एका शब्दाची चौकशी करणारा वधूपिता अख्ख्या अमेरिकेत एकच, आणि तो नोव्हाय गावात आमच्या शेजारी राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. जन्मभर गाड्यांचे गिअर डिझाइन केले आणि रिटायर झाल्यावर शब्दांच्या मागे लागले. ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ विचारू नये, शब्दाचं खुशाल विचारावं, हे त्यांचं म्हणणं. घरटी एक पदार्थ आणायच्या पॉटलकला माणूस बटाट्याची भाजी वाढून घेत असला की काका त्याला गाठून बटाट्याची पोर्तुगीज वंशावळ सांगणार. ताट गार झालं तरी बिचाऱ्याची सुटका नाही.

लेकीने भीतभीत सांगितलं की मुलगा कोरियन आहे, तेव्हा काका म्हणाले, "त्यांचं ते कोबीचं लोणचं, किमची, हा शब्द मूळचा कुठला गं?" मग पंधरा दिवस पुस्तकांत डोकं. शब्द निघाला चिनी, अर्थ पाण्यात बुडवलेली भाजी. कोरियात नांदून नांदून त्याचं रूप इतकं पालटलं की माहेरच्यांनीही ओळखू नये. काका खूश. इकडे लेकीचा जीव टांगणीला, कारण मुलाच्या आईचा होकार अजून यायचा होता आणि रविवारी त्या जेवायला येणार होत्या. काका म्हणाले, किमची मी करतो.

आणि केली की! कोबी पंचावर पसरून दोन दिवस खिडकीतल्या उन्हात वाळवला, मोहरीची डाळ फेसली, हिंगाची फोडणी ओतली, बरणीला दादरा बांधला. ओला हात लावाल तर याद राखा, अशी काकूंना ताकीद. रविवारी त्या बाईंनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. लेकीने मान खाली घातली. शेवटी बाईंनी मुलाकरवी विचारलं, "यात पाणी कुठे आहे?"

काकांनी कपाळावर हात मारला. साऱ्या खानदानाचा छडा लावला, पण शब्द स्वतः काय सांगतोय ते ऐकलंच नव्हतं. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, बाह्या सरसावून काकूंच्या ओट्याशी गेल्या आणि पातेलंभर मिठाच्या पाण्यात कोबी बुडवून काकांना धडा दिला. होकार तिथेच मिळाला. ती वाळकी बरणीसुद्धा त्या मागून घेऊन गेल्या.

लेक आता कोरियात, सोलला असते. काकांचं घर फार शांत झालंय, मला तिथे जाताना चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा गेलो तर काका कोबी भिजत घालत होते. दोन माणसांना एवढी मोठी बरणी कशाला, विचारलं.

"शब्द एकदा सासरी गेला की परत येत नाही रे," काका पाण्यातला कोबी दाबत म्हणाले. "लेक येते. डिसेंबरात."