गळ्याची शपथ

नव्वदच्या दशकातली ती दुपार मला अजून दिसते, पण स्वप्नात दिसावी तशी: फिकट ऊन आणि सगळीकडे मोसंबीच्या बहराचा वास. मी तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होते.

अकराच्या सुमारास एक बाई आल्या. त्यांची दहावीतली मुलगी शाळेसाठी निघाली, पण पोचलीच नाही. मिसिंगची नोंद घेता घेता जमादार पुटपुटले, "गेली असंल कुणासंगं." सोबत काय नेलं, मी विचारलं. काहीच नाही. उलट सकाळी पायातली पैंजणं काढून धाकट्या बहिणीला दिली होती. पळून जाणारी पोर वस्तू नेते, वाटत बसत नाही. मी जीप काढायला सांगितली आणि आईला सोबत घेतलं.

शाळेत शिपायानं खबर दिली की तिच्या बाकावरची मैत्रीण सकाळपासून मुसमुसतेय. मुख्याध्यापकांच्या खोलीत तिची चौकशी सुरू केली आणि मी चूक केली. आवाज चढवला, ठाण्यात नेण्याची भीती घातली. पोरगी आणखीच मिटली. मग टोपी काढून ठेवली, पाणी दिलं आणि तुला भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं.

"सांगितलं तर ती मरंल, मॅडम. तिनं तिच्या गळ्याची शपथ घातली हाय."

मी सोडवते शपथ, म्हटलं. तुमच्यानं न्हाई सुटत, म्हणाली. मी आईला आत बोलावून शपथेचं सांगितलं. काही न विचारता त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तिला जन्म म्या दिला, बाई. म्या म्हनते सुटली. बोल आता."

मग ती घडाघडा बोलली. सराव परीक्षेत मुलीचं गणित गेलं होतं. वडिलांना शाळेत बोलावलं होतं. आता जगायचं न्हाई, असं सांगून ती वडीगोद्रीच्या रस्त्याला मामाच्या बागेत गेली होती.

बागेत पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. मधमाश्यांखेरीज आवाज नव्हता. ती झाडाखाली गणवेशात बसली होती, केसांत पाकळ्या. आम्हाला पाहून दचकलीही नाही. आईला बांधावर थांबवून मी तिच्या शेजारी बसले आणि आडवळण न घेता विचारलं, "मरायचा विचार आहे का?"

तिनं केसांतली एक पाकळी काढून हातात घेतली.

"सकाळपासून तेच चालू हाय डोक्यात. इचारलं मातर तुम्हीच."

गणिताबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आजचा दिवस काढू, म्हटलं. पण पुन्हा असं वाटलं तर कुणाकडे पळत जाशील? तीन नावं सांग. तिनं मैत्रिणीचं सांगितलं. मामीचं सांगितलं. मग अडली, आणि माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचू लागली.

त्या संध्याकाळी वडिलांना समोर बसवून बोलले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी मुलीची गाठ घालून दिली. परीक्षा होईपर्यंत ती बाजारच्या दिवशी ठाण्यात येऊन दहा मिनिटं बाकावर बसायची. जमादार चहा मागवून चिडवायचे, "काय मास्तरीणबाई, आज किती गणितं?"

मरणाचं विचारलं की ते पोरांच्या डोक्यात शिरतं, असं लोक म्हणतात. पुढे नोकरीत मी ते बऱ्याच पोरांना विचारलं. बहुतेकांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग धरून ठेवलेला श्वास सोडला.