मास्तरांची पिकदाणी

बाळांनो, आळंदच्या शाळेत आमचे इंग्रजीचे मास्तर प्रत्येक वाक्य कृती करून म्हणायला लावत. त्यासाठी वस्तू एकच, त्यांची भरलेली पिकदाणी. वर्गात आम्ही मुली दोनच होतो आणि ती नेहमी आम्हीच उचलायची. "आय पुट द पॉट अंडर द टेबल." एकदा मी हात मागे घेतला.

"कामून थांबलीस? शिकायचं न्हाई तर सांगतो तुझ्या अप्पाला, भाकरी थापायला घरी ठेव म्हणून."

मला शाळा सोडायची नव्हती. मी पिकदाणी उचलली, तशी थुंकी मनगटावर ओघळली. तरी ती टेबलाखाली ठेवली आणि वाक्य बिनचूक म्हटलं. आजही तुम्ही फोनवर 'अंडर' म्हणालात की नंतर मी साबणानं हात धुते.