मागावरची बोली

कबनूरच्या मागाच्या कारखान्यात कुणी ओरडून बोलत नसे. त्या खडखडाटात आवाज असून नसल्यासारखाच. माणसं नुसते ओठ हलवत आणि समोरचा ओठ वाचून उत्तर देई. निसार आणि पिराजी शेजारशेजारच्या मागांवर वर्षानुवर्षं असे बोलत आले होते. मालकाला शिव्या देत, आणि मालक जवळून गेला तरी थांबत नसत.

१९९८ साली निसारच्या गळ्याला गाठ आली. गलगंड असणार म्हणून त्याच्या बायकोनं, मलिकानं, मीठ बदलून आयोडीनचं आणलं. गाठ वाढतच गेली. घास अडकायला लागला तेव्हा त्याला कोल्हापूरला नेलं. गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मलिकाला समोर बसवून सांगितलं, की आतड्याच्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक स्नायू असतो, आपण न सांगता तो आपलं काम करत राहतो. हा त्याचा कॅन्सर. थायरॉइडमध्ये तो इतका क्वचित होतो, की त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरचं औषध याला लागू पडत नाही. मलिकाला एवढंच उमगलं, की ज्याला कुणी ओळखत नाही असं काहीतरी घरात शिरलंय.

ऑपरेशनात गाठ सगळी निघाली नाही. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि निसारचा आवाज गेला. लिहायला त्याला येत नव्हतं. तो ओठ हलवी, मलिका अंदाज बांधी. पाणी मागितलं तर उशी देई. मग तो तोंड फिरवून घेई.

कारखान्यातली पाळी सुटली की पिराजी यायचा. निसारचे ओठ हलत, पिराजी हसे, टाळी देई. काय म्हणतायत, मलिका विचारी.

"बरं वाटतंय म्हणतोय, भाभी. रविवारी वशाट कर म्हणतोय."

घास न उतरणाऱ्या माणसाची ही मटणाची फर्माईश ऐकून तिला हसू येई, आणि पिराजीचा हेवाही वाटे. आपला नवरा आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळावा, हे तिला सोसेना.

ती शिकायला लागली. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या देणाऱ्या बाईच्या ओठांकडे बघत बसे. मुलीला, आयेशाला, आवाजाविना बोलायला लावी. पिराजीकाका आहेत की, असं आयेशा म्हणाली. मलिकानं तिला पुन्हा ओठ हलवायला लावले.

पावसाळा सरता सरता तिला ओठांवरचे शब्द उमगू लागले. एका संध्याकाळी ती दारात लसूण सोलत होती. निसारचे ओठ हलले, आणि तिला ते लख्ख कळले. आता न्हाय सोसत, पिराजी. हिला सांगू नगंस.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

पिराजीनं खाली बघितलं. "आयेशाच्या परीक्षेचं विचारतोय की."

म्हणजे ते बरं वाटणं, ते वशाट, सगळं या दोघांनी तिच्यासाठी रचलेलं होतं. ती उठली. निसारच्या समोर जाऊन बसली आणि आवाज न करता ओठ हलवले. मला सांगा.

निसार बघतच राहिला. पिराजीनं चपला घातल्या आणि निघून गेला.

मग निसारचे ओठ हलले. एकेक शब्द सुटा करत, मागावर नव्या माणसाशी बोलतात तसे. भीती वाटते, असं तो म्हणत होता. मरणाची नाही. श्वास अडकेल त्या घटकेची. तेव्हा तू इथं असशील का?

मलिकाला सगळं कळलं. तिला उत्तर द्यायचं होतं. पण तिचे ओठ इतके थरथरत होते, की निसारनं डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा पाहिलं, तरी त्याला काही वाचता येईना.