टिटवीची चार अंडी आणि आमचा ग्रुप

माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. कोपरला खाडीकडच्या माळावर टिटवीने उघड्या जमिनीवर चार अंडी घातलेली दिसली आणि मी ती जागा आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. बँकेतून रिटायर झाल्यापासून दर रविवारी मी लोकांना तिथे पक्षी दाखवायला नेते. माणसाने एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो जीव लावतो, हे माझं ठाम मत. शिवाय माळावर बांधकामाचा राडारोडा टाकायला ट्रक येऊ लागलेले. चार माणसांची ये-जा असलेली बरी, असं वाटलं.

चार कसले, चाळीस आले! पार टिटवाळ्याहून आले. एक जण हातभर लेन्स घेऊन अंड्यांपुढे पालथाच पडला. एका बाईंनी टिटवीचं ओरडणं अशुभ असतं म्हणून सगळ्यांना ऐकवलं आणि मग तिच्यासोबतच सेल्फी काढला. मी घसा खरवडून सांगतेय, अहो मागे व्हा, तिला बसू द्या. मे महिन्याचं ऊन. अशा दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती सावली द्यायला. ऐकतंय कोण? ती बिचारी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतेय आणि लेन्सवाला म्हणतो, "काकू, उडतानाचा फोटो भारी मिळाला."

तेवढ्यात राडारोड्याचा ट्रक आला. आणि खोटं कशाला बोलू, याच लोकांनी तो अडवला. लेन्सवाला चाकापुढे जाऊन उभा राहिला. अशुभवाल्या बाईंनी ड्रायव्हरला असं फैलावर घेतलं की तो खाली उतरायलाच तयार होईना. तास-दीड तास वाद झाला आणि ट्रक भरलेलाच परत गेला. मला तर रडूच आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, ग्रुप फोटो काढला, मधोमध मीच. सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत टिटवी अंड्यांवर टेकलीच नव्हती, हे मला घरी जेवायला बसल्यावर लक्षात आलं.

आठवड्याभरात जोडी अंडी टाकून निघून गेली. चारही अंड्यांना मुंग्या लागलेल्या.

आता ग्रुपला काय सांगायचं? खरं सांगितलं तर बघण्यासारखं काही नाही म्हणून कुत्रं फिरकणार नाही तिकडे, आणि ट्रक लगेच हजर. लोकांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. शेवटी अंडी तिथेच पुरली आणि ग्रुपवर लिहिलं की पिल्लं निघालीत, गवतात लपलीत, रस्त्यावरूनच बघा. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

रविवारी सगळे आले. रस्त्याच्या कडेला गुपचूप रांगेत उभे राहिले. एकानेही पाऊल आत टाकलं नाही. बराच वेळ लेन्सला डोळा लावून बसलेला लेन्सवाला हळूच म्हणाला, "काकू, दिसलं. त्या दगडाच्या डावीकडे. हललं बघा."

"हो," मी म्हटलं, "तेच."