बातमीत कोण बोलतं?

चिपळूणच्या शैलजा सावंत लग्नानंतर सिल्वासाला आल्या आणि तिथल्या मराठी शाळेत शिकवू लागल्या. नववीच्या वर्गात त्या अधूनमधून एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून वाचून दाखवत आणि विचारत, "यात कोण बोलतंय? कोणाला विचारलंच नाही? कुठला शब्द बातमीदाराने पदरचा घातलाय?"

यात सोनी सगळ्यांत तरबेज. तिचे वडील वाल्मिक शिरपूरहून येऊन जवळच्याच राखोलीच्या एका कारखान्यात लागले होते. दसऱ्याच्या आधी ते मशीनमध्ये सापडून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : 'मद्यधुंद कामगाराचा मृत्यू'.

बाई भेटायला गेल्या तेव्हा सोनीने पेपर पुढे केला.

"बाई, यात फक्त मॅनेजर बोलतोय. पप्पांच्या सोबतच्या कोणालाच विचारलं नाही. मशीनची जाळी तुटलेली होती, त्याचं एक अक्षर नाही. पप्पा तर सुपारीसुद्धा खात नव्हते."

बाईंनी तिला नुसतं जवळ घेतलं. मग दोघी पेपरच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. आठवड्याने आतल्या पानावर दोन ओळी आल्या : 'कामगार मद्यधुंद असल्याचा कुटुंबीयांकडून इन्कार'.

"म्हणजे तो शब्द पुन्हा छापलाच," सोनी म्हणाली.

तिची आई आक्काबाई शाळेत कधी गेलेली नव्हती. तिने दोन्ही बातम्या लेकीकडून वाचून घेतल्या आणि म्हणाली, "दोनदा छापेल आहे, मग खोटं कसं राहील? माझ्यापासून लपवून पीत असतील."

दिवाळीनंतर दोघी गावी निघाल्या. सोनी शाळेत निरोप घ्यायला आली.

"बाई, तुम्ही शिकवलंत तसं मी आईला समजावलं. कोण बोलतंय, कोणाला विचारलं नाही, सगळं. ती ऐकतच नाही. म्हणते, इतकी वर्षं मला फसवलं. पप्पांचा फोटो तिने भिंतीवरून काढला."

"तुला खरं माहीत आहे ना, बाळा?"

"आहे. पण आम्ही दोघी एकाच माणसासाठी रडत नाही, बाई."

फाटकाबाहेर आक्काबाई सामान घेऊन रिक्षात बसली होती. तिने लेकीला हाक मारली नाही. सोनी जाऊन शेजारी बसली, तेव्हाही दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.