छावणीच्या पोस्टरचा रंग

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या दूध संस्थेला चारा छावणी मंजूर झाली, पण एका अटीवर. ठरल्या दिवसापर्यंत पुरेशा जनावरांची नोंद झाली नाही, तर छावणी शेजारच्या गावाला जाणार होती. आमच्या आईची एकच गाय, तिच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. शेजारच्या गावापर्यंत ती चालली नसती.

मी केजला दुकानांच्या पाट्या रंगवत असे, म्हणून पोस्टरचं काम माझ्याकडे आलं. मी बिनदिक्कत निळा रंग घेतला. पाणी निळं, म्हणून. त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: ‘छावणीसाठी जनावरांची नोंद करा. चारा-पाणी मोफत.’ पारावर, चक्कीच्या भिंतीवर, संस्थेच्या दाराशी पोस्टरं चिकटवली.

नोंदीला आली फक्त आमची बौद्ध वस्ती. बाकीचं गाव पोस्टरवरून नुसती नजर फिरवून पुढे जायचं. संस्थेच्या चिटणिसांचं किराणा दुकान होतं. लिंगायत, गळ्यात लिंग, माणूस सरळ. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“पोस्टर लई चांगलं हाय,” ते म्हणाले, “पर गावाला वाटतंय, छावणी तुमच्या वस्तीचीच हाय.”

“कावून? वर संस्थेचं नाव हाय की.”

“नाव वाचायच्या आधी रंग दिसतोय.”

मला संताप आला. आभाळही रोज निळंच होतं, ढगाचा पत्ता नव्हता. त्याला कुणी वस्ती विचारली नव्हती. पण रागावून गाय जगणार नव्हती.

“भगवा घेऊ,” चिटणीस म्हणाले. मी म्हटलं, मग आमची माणसं देवळाचं काम समजून येणार नाहीत. हिरवा घ्यावा तर उरूस वाटेल. पांढऱ्यावर काळं म्हणजे दहाव्याची पत्रिका. दुकानात बसून आम्ही एकेक करून सगळे रंग बाद केले. तेवढ्यात एकजण सायकलवर कडब्याच्या पेंढ्या बांधून दुकानासमोरून गेला. पारावरच्या झाडून सगळ्या माना त्याच्यामागे वळल्या.

चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलोच.

नवी पोस्टरं कडब्याच्या रंगाची केली, मातकट पिवळी, वर तपकिरी अक्षरं. दुकानाच्या पाटीला असला रंग कुणी फुकटही घेतला नसता. पण लोक थांबून वाचू लागले, नोंदीला रांग लागली आणि छावणी गावातच राहिली. जुनी पोस्टरं मीच काढली. गाय वाचली याचा आनंद होताच, पण निळा कागद फाडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे छावणीतला पाण्याचा हौद रंगवायचं काम आलं. मी कुणाला न विचारता तो निळा रंगवला.

हौद भरला त्या पहिल्याच दिवशी वरच्या आळीतले एक शेतकरी बैल घेऊन हौदाशी आले. माझ्या पोस्टरकडे पाठ फिरवून गेलेल्यांपैकीच ते. आमची गाय पाणी पीत होती.

“निळा कावून?” त्यांनी विचारलं.

“पाणी हाय म्हणून.”

तोवर बैलानं गाईशेजारीच तोंड बुडवलं होतं. मग त्यांनी कासरा सैल सोडला आणि दुसरा बैल आणायला गेले.